पीरचाचाच्या फळीवरचा ढीग

पीरमहंमद चाचाचं दुकान म्हंजी खरं तर दुकान न्हाईच. पौडच्या बाजारतळाला, लिंबाच्या बुडाशी एक लाकडी खोका हाय. फुडची फळी खाली पाडली की दुकान, वर उचलून कडी लावली की कपाट. खोक्यात पाट्या, पेनशिली, पंचांगं, आरत्यांची पुस्तकं, वगाची बारकी पुस्तकं आन उखान्याचं एक पुस्तक, जे बायका चोरून बघत्यात. मुसलमान मानूस पंचांग इकतो म्हनून पुण्याकडची मानसं हसत्यात. आमाला त्यात हसन्यासारखं काय वाटत न्हाई. औंदा संक्रांत कवा, हे अर्धं पौड चाचालाच इचारतं.

मी भैरू. शाळा चौथीत सोडली. मास्तरनी नाव काढायच्या आधी मीच उठून आलो. एका जागी बसलं की माझ्या अंगात मुंग्या येत्यात. सायकलीला दुधाचं कॅन बांधायचं, पहाटं पिरंगुट, भूगाव करत पुण्याला जायाचं, दूध घालायचं आन दुपारी माघारी यायचं, हे काम मला मानवतं. चाचा माझ्या नात्यातला न्हाई का गोत्यातला न्हाई. पर माझा बा मुदतीच्या तापानं पडला व्हता तवा बीबीजान चाचीनं आमच्या घरी भाकरी धाडली, बा उठून बसस्तवर. तवापासनं चाचाला कुनी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. ते आधीच सांगून ठिवतो.

चाचा मूळचा उंबरवेढ्याचा. ते गाव आता न्हाई. मुळशीचं धरान झालं तवा जी गावं पान्यात गेली त्यातलं ते एक. चाचाचा बा तितल्या मशिदीचा मुलानी. चाचाला तवा नुकतंच मिसरूड फुटलं व्हतं. डोक्यावर पेटी घिऊन तो पौडाला आला आन हितंच ऱ्हायला. बापाची कबर तितंच. उन्हाळ्यात पानी उतरलं की चाचा एक दिस दुकान बंद ठिवून तिकडं जातो. एखाद्या साली मशिदीच्या ओट्याचा दगूड वर दिसतो. कबर काय दिसत न्हाई, ती गाळात गेली. चाचा काठाला बसतो, भाकरी खातो आन परत येतो. कुटं गेला व्हता ते कुनाला सांगत न्हाई. समद्यांना ठावं असतं.

मग ते पुस्तक आलं.

हैबतराव गुरुजींनी लिवलेलं. गुरुजी तिकडच्या शाळांवर मास्तर व्हते. पेन्शनीत निघाले तसे गावोगाव हिंडले, म्हाताऱ्याकोताऱ्यांना इचारलं आन बुडालेल्या गावांत कुनाचं घर कुटं व्हतं, कंच्या इहिरीचं पानी गोड, देवळाम्होरं कंचं झाड, समदं लिवून काढलं. ‘बुडित गावांची हकीकत, भाग पहिला’. पुण्याच्या एका प्रकाशकानं छापलं. त्याचा एक गठ्ठा एस्टीच्या टपावरनं चाचाकडं आला. इकायचं, आन न्हाई इकलं तर माघारी द्यायचं, असा करार.

पयल्या भागात नदीच्या पल्याडची गावं. उंबरवेढं अल्याडचं. गुरुजी सोता चाचाला म्हनलं व्हतं, “पीरमहंमद, तुझं गाव दुसऱ्या भागात हाय. मशीद, मुलान्याचं घर, समदं लिवलंय. प्रेसात पडलंय. पयला भाग खपला की छापनार.”

तवापासनं चाचाच्या मनात दुसरं काय न्हवतं. एकदा मला म्हनला, “भैरू, आमचा सलीम इचारतो, अब्बा, आपलं गाव कुटंय? मी पान्याकडं बोट दावतो. पोरगं म्हनतं, तितं तर पानी हाय. मी फुडं काय बोलू?”

सलीम त्याचा धाकटा. तिसरीत हाय. वाचतो बरा, माझ्याहून बरा.

आता पुस्तक खपायचं तर कुनीतरी इकत घ्यायला पायजे. आमच्याकडं पुस्तक इकत कोन घेनार? घरात वाचनारं एकांदं पोरगं असतं, तेबी गुरांमागं. पयली आली ती उरवड्याची तुळजाबाई. तिचं माहेर पल्याडच्या बुडालेल्या गावातलं. बाजाराची पाटी डोक्यावरनं न उतरवताच म्हनली, “पीरभाई, आमच्या गावाचं कायतरी छापलंय म्हनं. वाच बगू.”

चाचानं पान काढून वाचलं. तुळजाबाईच्या आज्याचं नाव आलं, घर आलं. बाई मटकन् खाली बसली. पदर डोळ्याला लावला. मग पदर काढला आन म्हनली, “खोटं हाय. आमचं दार पूर्वंला व्हतं. गुरुजीनं उत्तरंला लिवलं.”

“छापलंय तसं वाचलं, बाई.”

“छापलं म्हनून काय घर फिरतं व्हय? दे हिकडं. भावाला ऐकवते. त्याला इचारते दार कुटं व्हतं. फुडल्या बाजाराला आनून देते.”

चाचानं दिलं.

तितनं जी सुरवात झाली ती झाली. एक गाव पुस्तक न्यायचं, चावडीत न्हाईतर देवळात बसून कुनीतरी मोठ्यानं वाचायचं, मानसं रडायची, भांडायची, “आमचा आंबा कापला व्हता, उगाच काय लिवतो!” म्हनून ओरडायची. दुसऱ्या बाजाराला पुस्तक चाचाकडं माघारी, आन तितनं दुसऱ्या गावाला. बरीचशी ने-आन माझ्या सायकलीवर. जाताना कॅन आन पुस्तकं, येताना पुस्तकं आन कायबाय. कारन आपल्याकडं शेजारनीचं भांडं रिकामं माघारी देत न्हाईत, तसं ह्या पुस्तकाचं झालं. कुनी त्याच्यासंगं आंबेमोहोराचं तांदूळ धाडायचं, कुनी वाल, कुनी दुधी भोपळा. बायका त्याला हळदकुंकू लावायच्या, देव्हाऱ्यात ठिवायच्या.

बीबीजान चाची एकदा भोपळा चिरता चिरता नवऱ्याला म्हनली, “अहो, ही पुस्तकं इकायला आनलीत का नांदायला धाडलीत?”

चाचा म्हनला, “जात्यात, येत्यात. माहेरवाशिनी हायेत.”

“मग त्यांचं लगीन कवा लागायचं?”

चाचा हसला, पर त्याच्या तोंडावर मला काळजी दिसली. इकलं एकबी न्हवतं. आन दुसरा भाग त्यावरच अडला व्हता. मी म्हनलं, “चाचा, फुकाट देऊ नका. ज्याला पायजे त्यो घील इकत.” तर म्हनला, “म्हातारी मानसं हायेत रं. इकत घ्या म्हनलं तर लाजून ऐकायचं ऱ्हातील आन मरून जातील.”

मी सायकल मारली.

मी दूध घालतो त्या गल्लीच्या तोंडालाच त्या प्रकाशकाचं दुकान हाय. एका सकाळी तितला चष्मेवाला मानूस दारात उभा व्हता. मला म्हनला, “तू पौडचा ना रे? पीरमहंमदना निरोप दे. मालकांनी मला दुकानं बघायला धाडलंय. पहिला भाग कसा चाललाय ते बघायचं आणि त्यावर दुसऱ्याचं ठरवायचं. येत्या आठवड्यात पौडला येतो.”

मी तवा सायकल अशी हानली की चढावर सुदीक उतरलो न्हाई.

चाचानं निरोप ऐकला, टोपी काढली, परत घातली. चाची मातूर फळीकडं बघत व्हती. फळीवर त्या पुस्तकाची जागा मोकळी. समदी गावोगाव गेलेली.

“पाव्हना येनार आन फळी अशी बोडकी?” चाची म्हनली. “काय म्हनंल त्यो? ह्या मानसाकडं मालच न्हाई, दुकान बसलं, असंच म्हनंल की.”

बाजूला बसलेल्या समद्या बाजारकरनींना ते पटलं. मलाबी पटलं. आमच्याकडं पोरगी बघाया पाव्हनं येनार असलं की शेजारच्या चार घरातलं भात आनून कनगी गळ्यापतूर भरत्यात. पाव्हनं कनगीवर हात मारून बघत्यात, घर भरलेलं हाय का. पाव्हनं गेलं की ज्याचं भात त्याच्या घरी. ह्यात फशिवनं न्हाई. पाव्हन्यालाबी ठावं असतं, त्याच्याबी घरी तेच करत्यात. रिकामं घर दावायचं म्हंजी पाव्हन्याचा अपमान.

मग काय, मी भिंगरीवानी फिरलो. गावागावात सांगितलं, पुण्याचा मानूस येनार हाय, दुसऱ्या भागाचं ठरायचं हाय, पुस्तक द्या. येरवी एका दिसाची चालढकल करनारी मानसं, पर चाचाचं नाव काढल्याबरूबर काढून दिली. भूगावच्या गेणबानं तर पुस्तकाला घोंगडीत गुंडाळून दिलं, वर म्हनला, “हळू ने. लेकरू हाय.” चाचीनं ओल्या फडक्यानं समदी पुसली. हळदीचं डाग, काजळी, तेल निघंना, तवा समद्यांना नव्या खाकी कागदाची कव्हरं घातली. शेवटाला तुळजाबाई सोता आली. तिनं तिचं पुस्तक ढिगावर ठिवलं, परत उचललं, परत ठिवलं. “पाव्हना गेला की मी घिऊन जानार,” म्हनली.

पाव्हन्याच्या दिसाला फळी अशी दिसत व्हती की बघत ऱ्हावं. खाकी कव्हरांचा सरळ उभा ढीग, कोपऱ्याला कोपरा लावून. चाचा धुतलेला कुडता घालून बसला. चाचीनं दुधाचा चहा ठिवला व्हता.

चष्मेवाला एस्टीतनं उतरला. मानूस वाईट न्हवता. चहा घेतला, चाचीला छान झालाय म्हनला. मग फळीकडं वळला आन त्याचं तोंड उतरलं.

“चाचा, गेल्या साली पाठवली ती सगळी इथंच आहेत?”

“व्हय साहेब. समदी,” चाचा छाती काढून म्हनला. “एकबी हारवली न्हाई.”

“अहो, पण एकही गेलं नाही?”

“गेली व्हती की. परत आली.”

“परत आली?” त्यानं चष्मा काढून पुसला. “लोकांनी परत आणून दिली? इतकं वाईट आहे का पुस्तक?”

चाचाला वाटलं हा गुरुजींना वाईट म्हनतोय. “वाईट न्हाई साहेब,” एवढंच म्हनला.

“मला तर आवडलं होतं. पण काय करणार? ढीग बोलतो ना. मालक मला एकच विचारणार, माल उठला का पडून आहे.” त्यानं ढिगावर हात ठिवला. “तुम्ही मात्र फार जपून ठेवलीत हो. हातसुद्धा लागलेला दिसत नाही. ही मी घेऊन जातो. दुसऱ्या भागाचं आता अवघड आहे.”

माझं डोकं फिरलं. “अवो, ती वाचून वाचून...” मी पुढं झालो, तर चाचानं माझं मनगट धरलं. म्हातारा दिसायला बारीक, पर पकड लोहाराची. एस्टीनं हॉर्न दिला. हमालानं पोतं भरलं, टपावर टाकलं. एस्टी गेली.

“मला का धरलं?” मी ओरडलो. “सांगायचं ना त्याला!”

“काय सांगू?” चाचा म्हनला. “इकायला दिलेला माल मी गावभर वापरायला दिला, आन वर नवी कव्हरं घालून नव्यासारखा माघारी केला, हे कोनत्या तोंडानं सांगू? मला तर त्यो हात ठिवंस्तवर सुचलंबी न्हाई की आपन हे काय करून बसलो.”

चाची खोक्यामागं जाऊन बसली. कव्हरं तिनंच घातली व्हती. चाचानं फळी पुसली. त्या मोकळ्या जागंत पाट्या मांडल्या, मग उचलल्या आन व्हत्या तितं ठिवल्या. तेवढ्यात सलीम शाळंतनं आला. “अब्बा, आपलं गाव छापनार का?” चाचा म्हनला, “पाय धू. आई भाकर देतीय.”

मी त्या रातचं जेवलो न्हाई. एवढंच.

फुडल्या बाजाराला तुळजाबाई सकाळीच उभी.

“माझं पुस्तक दे, पीरभाई.”

“गेलं, बाई. समदी पुण्याला गेली.”

“गेलं म्हंजी? मी तुला पाव्हना येस्तवर दिलं व्हतं!”

“ते दुकानाचं व्हतं, बाई.”

“दुकानाचं कसं? माझ्या देव्हाऱ्यात व्हतं. आमच्या आज्याच्या नावापाशी मी हळदीचं बोट लावलंय.”

मी मधी बोललो. “मावशी, पुण्यात तसलीच मिळत्यात. समदी सारखीच असत्यात.”

“सारखीच?” ती माझ्यावर वसकली. “तुझी आई आन गेणबाची आई सारखीच व्हय रं? चल, मला दाव ते दुकान.”

दुसऱ्या दिशी ती एस्टीनं आली, मी दूध घालून गल्लीच्या तोंडाला उभा. तिला घिऊन दुकानात शिरलो. चष्मेवाला गल्ल्यापाशी व्हता. आमचं पोतं कोपऱ्यात तसंच, तोंड बांधलेलं.

“बाई, काय हवंय?”

“आमचं पुस्तक.”

त्यानं नाव इचारलं, मी सांगितलं. त्यो चकित झाला, पर मागनं एक करकरीत काढून फुडं ठिवलं. “हे घ्या. अगदी नवीन.”

“नवं नगं. आमचं द्या.” आन तुळजाबाई फतकल मारून पोत्यापाशी बसली. पोतं सोडलं. एकेक खाकी कव्हर ओढून काढाया लागली. “हे न्हाई. हे भूगावचं, गेणबाच्या तंबाखूचा वास येतोय. हे न्हाई, ह्यात तांदूळ अडकलाय. ह्याच्यावर दिवा सांडलाय, हे वाडीवाल्यांचं, त्यांना रीतच न्हाई...”

चष्मेवाला वाकून बघत ऱ्हायला. कव्हराखालची पानं काळी झालेली, कोपरं मऊ पडलेलं, कडंला हळद. त्यानं एक उचललं, दुसरं उचललं. मग आत जाऊन मालकाला घिऊन आला. मालक जाडजूड, धोतरातला मानूस.

तेवढ्यात तुळजाबाईला तिचं सापडलं. तिनं हळदीचं बोट बघितलं, पुस्तक कपाळाला लावलं आन कमरंची गाठ सोडून म्हनली, “काय असंल ते सांगा. आता परत कुनी न्यायला नगं.”

मालक म्हनला, “अहो बाई, हे फाटलंय. ह्याच दामात नवं देतो.”

“तुमाला येगदा सांगितलं ना!”

पैसं देऊन ती निघाली. मला मालकानं दारात अडवलं. “तू थांब. हे सगळं वाचलेलं आहे?”

“वाचल्यालं? झिजवल्यालं हाय. एकेका पुस्तकाला गावंच्या गावं.”

“मग पौडला हा ढीग कसा काय राहिला?”

“पाव्हना येनार म्हनून भरून ठिवला व्हता,” मी म्हनलं. “तुमी घरी आला असता तर कनगीबी भरून दावली असती.”

मालकानं माझ्याकडं बघितलं, चष्मेवाल्याकडं बघितलं, आन असा हसला की खोकला लागला. “अरे बाबा, आम्ही रिकामी फळी बघायला माणूस पाठवतो! फळी रिकामी दिसली की आम्ही पुन्हा छापतो.”

“रिकामी फळी म्हंजी आमच्याकडं दळिद्र,” मी म्हनलं. “आमाला काय ठावं तुमचं उलटं.” मग चाचाचं तोंड डोळ्यापुढं आलं म्हनून सांगितलं, “आन एक ऐका. चाचा चोर न्हाई. त्यानं म्हाताऱ्यांना ऐकाया दिली. कव्हरं शोभंसाठी घातली. त्याला लाज वाटली म्हनून त्यो बोलला न्हाई. त्याला कुनी काय म्हनायचं न्हाई.”

“कोणी काही म्हणत नाही रे,” चष्मेवाला म्हनला. त्याचा आवाज खाली गेला व्हता.

तुळजाबाईनं तिचं पुस्तक आनलं हे उरवड्यातनं पसरलं, मग काय इचारू नका. गेणबा आला, “आमचं लेकरू द्या” म्हनत. वाडीवालं वर्गनी काढून आलं. कुनी भाजीच्या गाडीवर, कुनी माझ्यामागं कॅरेजवर. समद्यांना आपआपलंच पायजे. पोतं रिकामं झालं. शेवटाला ज्यांचं सापडंना त्यांनी कुरकुरत नवं घेतलं. मालकानं चाचाला पोस्टकार्ड टाकलं, दुसरा भाग छपाईला घेतला म्हनून. चाचानं ते वाचून खिशात ठिवलं आन त्या दिशी पंचांग मागनाऱ्याला पेनशिल दिली.

दिवाळीनंतर गठ्ठा आला. मीच टपावरनं उतरवला. चाचानं हात धुतले, टोपी नीट केली. चाची खोक्याच्या कडंला, सलीम मांडीला मांडी लावून. चाचानं पान सलीमच्या फुडं धरलं. म्हनला, “तू वाच.”

सलीमनं वाचलं. उंबरवेढं. मशीद, ओटा, वर चढायच्या पायऱ्या. मुलान्याचं घर, दारात चिंच. आन मुलान्याचं नाव. म्हंजी सलीमच्या आज्याचं.

सलीमनं त्या वळीवर बोट ठिवलं. “अब्बा, हितं?”

“हितंच,” चाचा म्हनला.

बाजार चालला व्हता, कोंबडीवाला वरडत व्हता. मग चाचानं पुस्तक डोळ्याजवळ नेलं, भिवया वर केल्या.

“चिंच न्हाई,” त्यो म्हनला. “चिंच मशिदीच्या मागं व्हती. आमच्या दारात शेवगा व्हता.”

पलीकडं वांगी निवडत बसलेली तुळजाबाई खो खो हसली. “छापलंय ना पीरभाई! छापलं तसं वाचा!”

आता चाचा कुनाला पुस्तक द्यायचं न्हाई म्हनत न्हाई, ते त्याला जमत न्हाईच. पर फळीवर एकबी मांडत न्हाई. समदी खोक्यात खाली ठिवतो, इकायची येगळी, हिंडायची येगळी. फळी मोकळीच दिसली पायजे, पुण्याचा मानूस कवाबी येईल म्हनतो. चाचीला ते बघवत न्हाई. चाचाची पाठ वळली की ती त्या जागंत पुस्तकासंगं आलेलं भोपळं मांडून ठिवती.

आन मला उद्या दूध घालून झालं की सदाशिव पेठंत गुरुजींच्या घरी जायाचं हाय. चाचानं तीनदा बजावलंय. दारात शेवगा व्हता, ते सांगाया.